कोऱ्या घरातला कोंबडा

जंगलातल्या मधाच्या झाडांच्या भांडणात दर उन्हाळ्यात कुळाकुळांत मुडदे पडायचे. शेवटी नेझाता म्हातारा समुद्रापार गेला आणि न्यायनिवाडा करायला एक परका सरदार त्याच्या माणसांसकट घेऊन आला. सगळ्या कुळांनी मिळून त्याच्यासाठी नदीकाठी ओंडक्यांचं घर उभारलं. रीतीप्रमाणे माणसांच्या आधी आत काळा कोंबडा सोडला. पहाटे तो आरवला तर घर लाभतं. गप्प राहिला तर त्या घरात कुणी पाऊल टाकायचं नाही.

पहाटे अख्खं गाव कान देऊन उभं राहिलं. उजाडलं, तरी आवाज नाही.

"आल्या वाटेनं परत पाठवा त्यांना," नेझाताची बायको म्हणाली. "घर नको म्हणतंय."

"तुझं आपलं काहीतरीच. डोळा लागला असेल कोंबड्याचा," म्हणत नेझातानं दार ढकललं.

आत रात्रीच शिरलेली सरदाराची माणसं तलवारी उशाशी घेऊन चुलीभोवती आडवी झाली होती. चहूकडे काळी पिसं उडत होती. सरदार सुरीच्या टोकानं दात कोरत बसला होता.

"बरा होता," तो म्हणाला. "उद्यापासून घरटी एक पाठवा."