कापाकापी

डॉक्टरीणबाईंनी हात बाहेर काढला आणि मान हलवली. "वासरू आडवं आलंय, बुवा. गाईचं पोट उघडावं लागेल, नाहीतर दोघंही जातील."

कीर्तनात भरल्या मंडपापुढे खणखणणारे बुवा गोठ्यात गाईच्या तोंडाशी उभे होते. हात गळ्यातल्या तुळशीमाळेवर गेला. "करा," ते म्हणाले.

सकाळीच त्यांचं वेणूशी वाजलं होतं. अकरावीला बेडूक कापतात, असं कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी लेकीला जीवशास्त्र सोडून गणित घ्यायला लावलं होतं. "आबा, आता बेडूक कापत नाहीत. आणि जीवशास्त्र नसेल तर गुरांची डॉक्टर होताच येत नाही. विषय बदलायचा आज शेवटचा दिवस आहे," ती विनवत होती.

"पुढे तर कापावंच लागेल ना? माळकऱ्याच्या घरात कापाकापी नको."

आता तीच वेणू गाईच्या कुशीवरची चीर दोन्ही हातांनी उघडून धरून उभी होती. बुवा डोळे मिटून नामस्मरण करत होते.

"अहो बुवा, भजन मागून! आधी हे पाय ओढा!" डॉक्टरीणबाई ओरडल्या.

बुवांनी डोळे उघडले आणि ओढलं. रक्ताने माखलेलं वासरू गोणपाटावर आलं, पण हलेना. वेणूने त्याच्या नाकातोंडातला चिकटा बोटांनी काढला, नाकपुडीत गवताची काडी फिरवली. पुन्हा फिरवली. वासरू फुरफुरलं, शिंकलं.

बुवांनी उपरण्याला हात पुसले.

"वेणू, तुझं कॉलेज कितीला बंद होतं गं?"