कोपऱ्यावरचा आवाज

"सर, असला फिल्टर कॉलेजची पोरं बसवतात. गाडी पळते थोडी, पण गुरगुरते फार," बॉनेट उघडत गफूर मिस्त्री म्हणाला.

"गुरगुरू दे. आवाज बदलेल ना?" केसरकर सरांनी विचारलं.

गफूरनं हवेचा जुना काळा डबा काढून तिथे जाड पाइप आणि लाल फिल्टर बसवला. ॲक्सिलरेटर दाबताच सतरा वर्षांच्या त्या छोट्या गाडीनं डरकाळी फोडली. सरांनी समाधानानं मान डोलावली.

जुना आवाज कोपऱ्यावर ऐकू आला, की त्यांची बायको सुमती चहाचं आधण ठेवायची. चपला काढेपर्यंत कप हातात असायचा. ती गेल्याला आठ महिने झाले, तरी कोपरा आला की सरांना रोज आल्याच्या चहाचा वास यायचा आणि दार उघडलं की शेगडी थंडगार.

आज गाडी गुरगुरत वळली. शेजारीण दचकून गॅलरीत आली. सरांनी कुलूप काढलं, शेगडीकडे पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी ते निवांत खुर्चीत टेकले.

"बरोबर आहे," ते पुटपुटले. "आपलीच गाडी आली, हे तिला कळणार कसं?"