दारावरचा नंबर

जनगणनेच्या ड्यूटीवरचे धम्मदीप गुरुजी लाल रंगाचा डबा घेऊन सकाळपासून गावातल्या दारादारावर नंबर टाकत होते. मीराबाईनं मात्र दारच अडवून धरलं.

"काऊन टाकता जी नंबर?"

"काई नाई बाई, नुसती मोजणी हाय. सरकारी योजना मिळते त्याच्यानं."

"टेकडीवरच्या मोहाच्या झाडाइलेबी असेच लाल नंबर टाकले होते. तवाबी साहेब हेच म्हणे, नुसती मोजणी हाय."

गुरुजींनी टेकडीकडे पाहायचं टाळलं. तिथं आता एकही मोह उरला नव्हता. झाडं तोडून उघडलेल्या खाणीचे ट्रक तेवढे धुरळा उडवत होते. "झाडं वेगळी, घरं वेगळी," असं परोपरीनं समजावलं, तेव्हा कुठं म्हातारी बाजूला सरली.

दिवेलागणीला गुरुजी घरी परतले. बायको, नंदिनी, अंगणातच उभी होती.

"साऱ्या गावाच्या दारावर नंबर दिसून राह्यले, आपल्याच दारावर काऊन नाई जी?"

"रंग सरला," म्हणत गुरुजी परसात गेले, आणि हातातला अर्धा भरलेला डबा त्यांनी मातीत ओतून दिला.