शेवटचा बाक

"बाई, ही माझी जागा आहे," उजागरे सर हळू आवाजात म्हणाले.

उपासना सुरू व्हायची होती. शेवटच्या बाकावर, दाराला लागून, तान्हं मूल घेऊन एक नवखी मुलगी बसली होती. ती गडबडून उठली. जागा फक्त पहिल्या बाकावर होती, तिकडे गेली.

सर निवृत्त मुख्याध्यापक, चर्चचे पंच, तरी बसायचे ते इथंच. पाळकसाहेब दर रविवारी पुढे बोलवायचे आणि सर छातीवर हात ठेवून नको म्हणायचे. "एवढा मोठा माणूस, पण किती नम्र," असं कुणी म्हटलं, की ऐकू न आल्यासारखं करायचे.

प्रवचन रंगात आलं आणि मूल रडायला लागलं. थोपटून राहीना. मुलगी उठली, सगळ्यांच्या नजरा झेलत मधल्या वाटेनं दाराशी आली आणि सरांपाशी पुटपुटली, "माफ करा काका. रडलं तर पटकन बाहेर जाता यावं, म्हणून बसले होते इथं."

सरांचे कान तापले. "बैस इथं," म्हणत ते उठले आणि तिच्या रिकाम्या जागेकडे चालू लागले.

पाळकसाहेब बोलता बोलता थांबले. "बघा मंडळी, लेकुरवाळीसाठी सरांनी आपली जागा सोडली. नम्रता म्हणतात ती हीच."

सवयीनं सरांचा हात छातीकडे गेला. अर्ध्यावरूनच त्यांनी तो खाली घेतला.

"नाही, पाळकसाहेब," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "मघाशी मीच तिला तिथून उठवलं होतं."