चांदणी

भूमितीच्या सिद्धतेत दर वेळी ‘सामाईक बाजू’ असं लिहीत बसण्यापेक्षा तिथे नुसती चांदणी काढा, असं नव्या बाईंनी आपल्या ‘ब’ तुकडीला शिकवलं होतं. मुलं त्यांच्यावर जीव टाकायची, मधल्या सुट्टीतही त्यांच्या टेबलाभोवती घोळका असायचा. ते बघून ‘अ’ तुकडीच्या जुन्या बाईंचा नुसता तिळपापड व्हायचा.

सहामाहीचे पेपर तपासताना दोघींच्या तुकड्यांची अदलाबदल झाली आणि जुन्या बाईंना आयतीच संधी मिळाली. चांदणी दिसली रे दिसली, की काप अर्धा गुण!

“अहो, तेवढाच वेळ वाचतो त्यांचा,” नव्या बाई म्हणाल्या.

“गणित आहे ते, भरतकाम नव्हे. माझ्या वर्गातल्या एकाच्या तरी पेपरात चांदणी दाखवा, मग बोला. आणा बघू माझ्या मुलांचा गठ्ठा.”

“राहू दे ना, वर्गात मीच वाटते,” नव्या बाई घाईघाईने म्हणाल्या. जुन्या बाईंनी गठ्ठा ओढूनच घेतला.

सगळ्यात वर त्यांच्या स्वतःच्या लेकीचा पेपर होता. पानोपानी चांदण्या, आणि गुण पैकीच्या पैकी.

खाली लाल शाईत लिहिलं होतं, “तुला बजावलं होतं ना गं राणी, पेपरात पूर्ण लिहायचं म्हणून? आईला कळलं, तर तुझं माझ्याकडे येणं बंद होईल.”