एकाच रक्ताच्या दोन नळ्या

आपल्या लॅबच्या पायऱ्या चढताना स्वानंद दिसला, तसे नरहररावांनी टेबलावरचे दोन्ही रिपोर्ट ड्रॉवरमध्ये कोंबले.

याच पोराला त्यांनी शिरेत सुई घालायला शिकवलं होतं. आता यवतमाळात त्याची स्वतःची लॅब होती, तीही पलीकडच्याच गल्लीत. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, लोक दुखणंसुद्धा पुढच्या हंगामावर ढकलत होते. जे थोडे पेशंट यायचे, तेही स्वानंदकडे वळायचे. त्यात त्याने नवी तपासणी आणली. जठरातलं एक एंझाइम रक्तात किती उतरतं ते मोजायचं. फार कमी निघालं, तर पोटाच्या कॅन्सरची शक्यता धरून पुढे दुर्बिणीने बघायचं. डॉक्टर मंडळी त्याचं कौतुक करायला लागली आणि नरहररावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

त्याचं पितळ उघडं पाडायचं म्हणून त्यांनी स्वतःचंच रक्त काढलं आणि दोन नळ्यांत भरलं. एकीवर लिहिलं भगवानराव, कळंब. दुसरीवर पुंडलिकराव, आर्णी. ऑटोवाल्याच्या हाती दोन्ही पाठवून दिल्या. आकडे वेगळे आले की गावभर सांगणार होते.

आकडे तंतोतंत सारखे आले. दोन्ही धोक्याच्या रेषेच्या पार खाली. पद्मजाबाईंना, म्हणजे बायकोला, त्यांनी अजून काही सांगितलं नव्हतं. दोन दिवस ते रिपोर्ट उघडून बघत होते, आणि भीतीच्या आधी रागच यायचा. एवढं चोख काम या पोरानं केलंच कसं?

स्वानंद नमस्कार करून समोर बसला. दोन पेशंट सापडत नाहीत म्हणाला. कळंबला जाऊन आला, आर्णीलाही जाऊन आला. त्या नावाची माणसं भेटली, पण रक्त कोणीच दिलेलं नव्हतं.

"मशीन चुकलं असेल," नरहरराव म्हणाले.

"तीनदा लावून पाह्यलं, सर. रक्त एकाच माणसाचं आहे." त्याने खुर्ची पुढे ओढली. "माही परीक्षा पाहाले पाठवलं असंन कोणी. त्याचं काही नाही. कॅन्सरच आहे असं मी म्हणत नाही, पण पोटात दुर्बीण टाकून पाहाच लागंन. तुमच्या ओळखीचा असंन तर त्याले सांगा, सर. उशीर नको करू म्हणा."

त्याने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. पोराच्या चेहऱ्यावर नुसती काळजी होती.

नरहररावांनी शर्टाची बाही वर सारली आणि हात टेबलावर ठेवला.

"चौथ्यांदा लाव," ते म्हणाले. "अन् सुई नीट धरजो."

स्वानंदने पट्टा बांधला, शीर चाचपली. नरहरराव डोळे रोखून त्याची चूक शोधत राहिले. सुई आत गेली ते त्यांना कळलंसुद्धा नाही, आणि तेच त्यांना सहन झालं नाही.