पितो का?

दिवाळीत लेकीला सायकल शिकवणारा विनोद संक्रांतीला तिचं नाव विसरला. कशानं, ते कुणी सांगेना. दौंडच्या डॉक्टरांनी विचारलं, "पितो का?" पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनीही तेच विचारलं. जन्मात दारूला हात न लावलेल्या माणसाची बायको, गौतमी, "न्हाई" सांगून सांगून कावली होती.

शेवटी ती त्याला घेऊन कुरकुंभला, त्याच्या केमिकल कंपनीत गेली. "साहेब, तुमच्या टाक्या धुऊन धुऊन ह्यांचं डोकं गेलं. त्या टाक्यांत काय असतंय, तेवढं सांगा."

साहेब खुर्चीत रेलले. "टाकीत उतरणाऱ्याला आम्ही मास्क देतो, बाई. घरी काय पितो, ते बघा."

गौतमीच्या ओठावर शिवी आली, तेवढ्यात शिफ्टचा भोंगा वाजला. सकाळपासून बायकोलाही न ओळखणारा विनोद ताडकन उठला. खिशातला रुमाल काढून त्यानं साहेबांच्या पाण्याच्या ग्लासात बुडवला, आणि नाकातोंडावर बांधता बांधता रोजच्या सवयीनं विचारलं,


"साहेब, आज तरी मास्क आलं का?"